एका हाकेवर बारा पाती

यवतमाळच्या कॉलेजात कॉम्प्युटरची तोंडी परीक्षा चालू होती. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी दोघांना रडवून पाठवलं होतं. आता उमेराची पाळी.

"समांतर प्रोसेसरचे प्रकार सांग."

पाठ केलेलं सगळं उडालं. मग ती चिडून बोलूनच गेली, "अ‍ॅरे प्रोसेसर म्हणजे आमच्या फुलसावंगीची कापूसवेचणी, सर. बाया बारा, पाती म्हणजे ओळी बारा, हाक एकीचीच; त्या हाकेवर सगळ्या एकदम वेचतात. मल्टिप्रोसेसरमधी सगळ्या एकाच गाठोड्यात, म्हणजे एकाच मेमरीत, कापूस टाकतात, म्हणून धक्काबुक्की. मल्टिकॉम्प्युटरमधी जिचं तिचं गाठोडं, नुसते निरोप जातात."

परीक्षकांचा पेन थांबला. "आणि अ‍ॅरेत हाकच चुकली तर?"

"सगळे एकदमच चुकतात," ती खाली पाहत म्हणाली. "औंदा दुकानदारानं सांगितलं तेच बियाणं आख्ख्या गावानं पेरलं, सर. बाराही पातीत वेचाले काही नाही."