पलीकडच्या वर्गात कोण उरलं

माझ्या वर्गात तेवीस मुलं. सगळी सहा वर्षांची आणि एकेकाचा आवाज दहा जणांना पुरेल असा. सम-विषम शिकवायला मी फळ्याकडे जात नाही. फळ्यावर आकडे मांडले की ही मंडळी खिडकीबाहेर बघत बसतात. म्हणून मी टाळीचा खेळ काढला. मी आकडा सांगायचा, तेवढ्या मुलांनी पुढे यायचं, टाळी वाजली की दोघादोघांनी हात धरायचे. सगळ्यांना जोडी मिळाली तर आकडा सम, एक जण उरला तर विषम. तासाभरात सगळी तयार झाली. मी स्वतःवरच इतकी खूश, की काही विचारू नका. म्हटलं, चला, आता अख्खा वर्ग.

टाळी वाजली आणि गोटी उरली.

गोटी म्हणजे आमच्या वर्गातली सगळ्यात बुटकी. धावाधावीत ती मागेच पडायची. पोरं एका सुरात ओरडली, "गोटी विषम, गोटी विषम." उत्तर बरोबर आलं म्हणून मी वर शाब्बासही म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तिची आई तिला दंडाला धरून घेऊन आली. बाई कपडे शिवते. मापाची टेप अजून गळ्यातच होती.

"सकाळपासून शिलाई मशीनखाली जाऊन बसलीय," ती म्हणाली. "म्हणते, मी गेले की वर्ग विषम होतो. नाही गेले तर सगळ्यांना जोडी मिळते. आता हिला काय सांगू तुम्हीच बोला."

गणित अगदी बरोबर होतं, हीच तर पंचाईत.

"मधल्या सुट्टीत येते," आई म्हणाली. "तोवर रुळली नाही तर राहू दे शाळा यंदा. पुढच्या वर्षी बघू."

कित्येक महिने दाराआड रडून रडून आत्ता कुठे ही पोर बोलायला लागली होती. संताप आला, पण काढणार कोणावर? खेळ माझा, टाळीही माझीच. मी गोटीपुढे उकिडवी बसले आणि म्हटलं, "आजपासून मी तुझी जोडी."

तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "बाई, तुमचं नाव हजेरीत कुठे आहे?"

हजेरीत माझं नाव नव्हतंच.

भिंतीपलीकडे शेजारच्या वर्गाचे सर दोनचा पाढा घोकून घेत होते. गोटी तो ऐकत राहिली. मग म्हणाली, "बाई, तिकडे कोण उरतं?"

"कोणास ठाऊक. तिकडे हा खेळ खेळत नाहीत."

"मग कळणार कसं?"

इतकी वर्षं शिकवतेय, पण हा प्रश्न कधी डोक्यात आला नव्हता. मी दार उघडलं, सगळी फौज बाहेर काढली आणि सरांच्या वर्गात घुसले.

सर शिस्तीचे. खडू मोडला तरी त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. "बाई, माझा दोनचा पाढा चाललाय," ते म्हणाले.

"तोच घेऊन आलेय," मी म्हटलं. "पायांनी चालत आलाय."

सरांच्या मुलांना खेळ समजावून सांगितला आणि हात वर केले, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. हा वर्ग सम निघाला तर? मग गोटी दोन्ही वर्गांसमोर एकटी. पण दोन्ही वर्गांचे डोळे माझ्या हातांकडे लागले होते. वाजवली टाळी.

बाकं सरकली, दप्तरं पडली, नुसता गोंधळ. एक जोडी झाली, दुसरी झाली, होतच गेल्या. मागच्या कोपऱ्यात एक लांबोडकी पोरगी हात मागे घेऊन उभी राहिली. पुढचे दोन दात पडलेले. तिला सगळे शिडी म्हणायचे. वर्गाने ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात गोटी बाकांखालून सुटली ती थेट तिथे पोचली आणि तिने शिडीचा हात धरला. जेमतेम तिच्या कोपराला लागत होती.

"आता कोणीच नाही उरलं," गोटी म्हणाली.

सर खडू धरून तसेच उभे. "विषम आणि विषम मिळून सम," ते हळूच म्हणाले.

"नेहमीच?" एका पोराने विचारलं.

झालं, सरांनी खडूची पेटीच जमिनीवर ओतली. इकडे पाच, तिकडे सात, दोन्हीकडचा उरलेला एकेक उचलून जोडी. मग नऊ आणि तीन. पोरं सरांच्या पाठीवर चढून बघत होती आणि सर म्हणत होते, "थांबा रे, अजून एकदा." आवाज ऐकून मोठ्या बाई रागावायला आल्या. त्यांनाही एकदा मांडून बघायचं होतं.

मधल्या सुट्टीत गोटीची आई फाटकाशी उभी होती. गोटी शिडीचा हात न सोडताच तिच्यापाशी गेली.

"काय गं, उद्या येणार का?" आईने विचारलं.

"यायलाच लागेल," गोटी म्हणाली. "मी नाही आले तर आमचा वर्ग सम होईल. मग ही उरेल."