मत्सर ओढून घेणारी माती

रविवारी सकाळी तळ्याकाठच्या आमच्या कोपाकबाना गावात मोठ्या देवळासमोर गाड्यांची रांग लागते, त्यात नवल काही नाही. गाडीला आशीर्वाद घ्यायला लोक लांबलांबून येतात, बॉनेटवर फुलांचे हार चढवतात, पाद्रीबाबा तीर्थ शिंपडतात, मग बिअर फसफसते, फटाके फुटतात, कागदाचे रंगीत कपटे उडतात. नवल त्या रविवारचं होतं. पाद्रीबाबा तीर्थाची बादली घेऊन एकटेच उभे, आणि सगळी गर्दी रस्त्यापलीकडे, तळलेल्या ट्राउट माशांच्या टपऱ्यांपाशी, एका पांढऱ्या झग्याभोवती.

झग्यातल्या माणसाचं नाव ओनोफ्रे, लोक त्याला माएस्त्रो, म्हणजे गुरुजी म्हणत. गळ्यात लामा या लोकरवाल्या जनावराच्या दातांची माळ, पायात चकचकीत बूट, आवाज लाउडस्पीकरलाही लाजवेल असा.

"बहिणींनो, भावांनो! गाडी नवी घेतली, आशीर्वादही घेतला. तरी टायर पंक्चर का होतो? इंजिन का तापतं? बायको का रुसते? मत्सर! शेजाऱ्याची नजर रंगावर जाऊन बसते. डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागते. फिरवा हात, फिरवा!"

एकाने आपल्या निळ्या गाडीवर हात फिरवला. "अरे देवा! खरंच की, खरखर लागतंय!"

ओनोफ्रेने बाटलीतलं पाणी फवारलं, झग्यातून लोण्याच्या रंगाचा मातीचा गोळा काढला आणि दोन मिनिटं बॉनेटवर घासला. "आता फिरवा!"

बॉनेट काचेसारखं गुळगुळीत. आणि गोळा? काळा ठिक्कर. लोकांनी छातीवर क्रूस काढले. "हा बघा मत्सर! कुमारी मातेच्या गुहेतली माती आहे ही, मत्सर ओढून घेते!" एवढ्यात गोळा हातातून निसटून खाली धुळीत पडला. गडी जराही गडबडला नाही. "पाचामामाने पहिला घास घेतला!" असं म्हणून त्याने तो उचलला आणि तसाच पुढे घासायला लागला. पाचामामा म्हणजे आमची धरणीमाय, तिला पहिला घोट, पहिला घास देणारे आम्ही लोक. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग बॉनेटवर गोल गोल ओरखडे उठले, तर म्हणाला, "मत्सराची नखं आहेत ती. जाताना ओरबाडून जातो."

मी इल्दा पोमा. गेली एकवीस वर्षं तळ्याकडच्या गल्लीत गाड्यांना रंग मारते, चेपलेली दारं ठोकून सरळ करते. ती माती मी बघताक्षणी ओळखली. माझ्या फळीवर तिच्या तीन वड्या आहेत, मऊ, मध्यम आणि कडक. कारखान्यात बनते, सुट्या भागांच्या दुकानात मिळते. गाडी धुतली तरी डांबर, झाडाचा चीक, काजळी, लोखंडाची धूळ असले कण रंगाला घट्ट धरून बसतात. ते उपटून काढणं हेच तिचं काम. तिला चमत्कार म्हणायचं, तर तवा पुसायच्या फडक्यालाही म्हणावं लागेल.

जगात मूर्खांना तोटा नाही, असं म्हणून मी ट्राउट खायला बसले असते. पण गर्दीत मला डोन सबिनोची लाल व्हॅन दिसली आणि माझी भूकच मेली.

सबिनो तार्की ला पाझच्या रस्त्यावर प्रवासी नेतो. त्याच्या व्हॅनचा आशीर्वाद झाला तेव्हा धर्माची आई म्हणून मी उभी राहिले होते. बॉनेटवर बिअरची बाटली मीच फोडली. तेव्हापासून तो मला कोमाद्रे म्हणतो, मी त्याला कोम्पाद्रे. आमच्याकडे हे नातं रक्ताइतकंच पक्कं. पंधरा दिवस त्याचं पुढचं चाक किंचाळत होतं. मी मागे लागले तेव्हा कुठे त्याने ब्रेकचे नवे पॅड आणले, आणि त्या दिवशी सकाळी ते बसवायचे ठरले होते. दुपारी अकरा माणसं घेऊन तो निघणार होता. आमचा रस्ता डोंगरावरून वळणं घेत तिकिनाच्या सामुद्रधुनीपर्यंत उतरतो. उताराच्या टोकाला पाणी आहे, आणि गाड्या पलीकडे नेणारे लाकडी तराफे. तिथे गाडी थांबली पाहिजे. थांबली नाही तर पुढे रस्ता नाही.

"कोम्पाद्रे, मेकॅनिककडे जायचं सोडून इथे काय करताय?"

सबिनोचा चेहरा नुसता उजळला होता. "कोमाद्रे, गरजच उरली नाही! माएस्त्रोंनी सगळा मत्सर काढला. चाक ओरडत होतं ते ब्रेकमुळे नव्हे हो, आतला मत्सर रडत होता."

"कुणाचा मत्सर?"

"माझ्या मेव्हण्याचा. रोखेलियोचा. मला आधीपासून संशय होताच."

"आणि पॅड?"

"सीटखाली आहेत, डब्यात. सात दिवस मेकॅनिकचा हात लागू द्यायचा नाही. लागला तर मत्सर दुप्पट होऊन परत येतो."

माझं डोकंच फिरलं. मी ओनोफ्रेसमोर उभी राहिले. "अहो महाराज, ही माती दुकानात मिळते. माझ्याकडे तीन वड्या पडल्यात."

त्याने डोळे मिटले, खेदाने मान हलवली आणि हळूच म्हणाला, "मी मघाशीच सांगितलं होतं ना? जी पहिल्यांदा तोंड उघडेल, तिच्याच पोटात मत्सर असेल. बाई गाड्या चमकवायचा धंदा करतात. माझ्यामुळे यांचं गिऱ्हाईक तुटतं."

चार बायकांनी चटकन शाली सावरल्या आणि माझ्यापासून दोन पावलं मागे सरल्या. सबिनोसुद्धा जमिनीकडे बघायला लागला. एकवीस वर्षं ज्यांची दारं ठोकली, त्यांनी मला नजर लावणारी ठरवायला एक मिनिटही घेतलं नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण रडत बसायला वेळ नव्हता. मी तडक वर्कशॉपमध्ये गेले आणि येताना डोक्यावर गाडीचं एक जुनं, धुतलेलं दार आणि हातात पिशवी घेऊन आले.

दार रस्त्यावर ठेवलं. "महाराज, याचा मत्सर काढा."

ओनोफ्रेला नाही म्हणता येईना. त्याने फवारलं, घासलं. गोळ्याची नवी बाजूही काळी झाली. "भयंकर!" तो ओरडला. "या दारावर फार मोठी नजर आहे!"

"कुणाची?" ट्राउट तळणारी दोन्या सेव्हेरा झारा हातात घेऊन पुढे आली. "सहा वर्षं ते दार इल्दाच्या परसात पडलंय. माझ्या कोंबड्या झोपतात त्यावर! त्याचा हेवा कोण करणार? कोंबडा?"

पहिलं हसू फुटलं. मी पिशवीतून माझी वडी काढली, सगळ्यांसमोर वेष्टण फाडलं. एका मगात पाणी घेतलं आणि त्यात भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब टाकले. "हे माझं पवित्र पाणी. दोन्या सेव्हेराच्या मोरीतलं." वडीचा तुकडा तळहातावर मळून चपटा केला, दाराच्या उरलेल्या अर्ध्यावर साबणपाणी सोडलं आणि हलक्या हाताने पुढेमागे सरकवला. जोर लावला नाही, गोल गोल फिरवलं नाही. तुकडा मळला की दुमडायचा, स्वच्छ बाजू वर आणायची. बघता बघता ती बाजूही गुळगुळीत झाली.

"आणि नीट ऐका. हा तुकडा खाली पडला तर पाचामामालाच द्यायचा, परत उचलायचा नाही. धुळीतले खडे त्यात रुततात आणि तेच रंग ओरबाडतात. ती निळ्या गाडीवरची नखं मत्सराची नव्हेत, आपल्याच रस्त्याची आहेत."

निळ्या गाडीवाल्याने ओनोफ्रेकडे असं पाहिलं, की त्याने माळ सारखी करण्याच्या निमित्ताने तोंड फिरवलं.

"मग खरखर कुठून आली?" कुणीतरी विचारलं.

"तुम्हीच आणली! आशीर्वाद झाला की बिअर ओतता, फटाक्यांचा धूर बसतो, कपट्यांचा रंग चिकटतो. आणि आशीर्वाद धुऊन जाईल म्हणून आठ-आठ दिवस गाडीला पाणी लावत नाही. उन्हात वाळून सगळं बसतं ना चिकटून. अहो, आशीर्वाद काय साबणाने जातो? इतका कच्चा असतो का तो?"

पाद्रीबाबा बादली घेऊन केव्हा मागे येऊन उभे राहिले होते कुणास ठाऊक. ते म्हणाले, "मुळीच नाही. धुवा गाड्या." लोक पुन्हा हसले.

मी सबिनोकडे पाहिलं. तो एकटा हसत नव्हता.

"दार वेगळं, कोमाद्रे," तो हट्टाने म्हणाला. "माझ्या गाडीतून काळं निघालं ते मी या डोळ्यांनी बघितलंय. चाकाचं ओरडणंही कमी झालंय."

"इथे उभं राहून कमी झालं? चालत्या गाडीचं चाक ओरडतं, कोम्पाद्रे. बरं, सगळ्यात जास्त काळं कुठून निघालं?"

"पुढच्या डाव्या चाकामागून."

"का? रोखेलियो डावखुरा आहे का?"

मी वडीचा नवा तुकडा घेतला, डाव्या चाकामागच्या पत्र्यावर साबणपाणी सोडून घासला. मग तसाच दुसरा उजव्या चाकामागे. उजवीकडचा राखाडी झाला. डावीकडचा मात्र महाराजांनी घासून झाल्यावरही काळा, आणि उन्हात धरला तर आत बारीक चमचम. दोन्या सेव्हेराकडून मी एक पांढरी चिनी मातीची बशी घेतली, ट्राउटचे काटे झटकले, त्या काळ्या तुकड्यावर पिशवीतलं रंग पातळ करायचं थिनर ओतलं. तुकडा विरघळला आणि तळाशी काळी रेव बसली. मग मी खिशातलं चुंबक काढलं. गाडीच्या पत्र्यावर लांबी, म्हणजे चेप बुजवायचा लगदा, थापलीय का ते बघायला ते माझ्या खिशात कायम असतं.

"आता बघा सगळ्यांनी. आणि तुम्हीसुद्धा, महाराज."

चुंबक बशीखालून सरकवलं. तळातली रेव उठून उभी राहिली, मांजराने पाठीवरचे केस फुलवावेत तशी, आणि चुंबक जाईल तिकडे बशीभर धावायला लागली.

"रोखेलियोचा मत्सर लोखंडाचा दिसतोय," मी म्हटलं.

कुणी हसलं नाही. व्हॅनच्या टपावर ज्यांच्या बोचक्यांची बांधाबांध झाली होती त्या प्रवाशांतली एक म्हातारी पुढे आली, आणि तिने सबिनोच्या बाहीला धरलं. "पोरा, आधी चाक काढ. त्याशिवाय मी काही बसायची नाही."

"सात दिवस!" ओनोफ्रे ओरडला. "चाकाला हात लावलात तर–"

"तर माझं पाप," मी म्हणाले. "दुप्पट मत्सर माझ्या घरी पाठवा. जागा आहे."

सबिनोने बशीकडे पाहिलं. मग जॅक काढला. चाक निघालं आणि गर्दीतल्या चार ड्रायव्हरांनी एकदम श्वास ओढला. पॅडवर घासणारा थर म्हणून उरलाच नव्हता. नुसती लोखंडी पाटी चाकाच्या लोखंडी डिस्कवर घासत होती, आणि डिस्कवर नख आत जाईल एवढ्या खोल चऱ्या पडल्या होत्या. रोज उतारावर लोखंड लोखंडाला खात होतं आणि त्याचा भुगा मागच्या पत्र्यावर उडून रुतत होता. ओनोफ्रेच्या मातीने ओढून काढला तो हाच. माती बिचारी खरं बोलत होती. खोटं बोलत होता तो तिला धरणारा.

सबिनो तिथेच फुटपाथवर बसला. "कोमाद्रे, तो तिकिनाचा उतार... अकरा माणसं..." त्याला दोन थपडा द्याव्यात की मिठी मारावी, कळेना. शेवटी मी सीटखालचा डबा काढला आणि त्याच्या मांडीवर आपटला.

या गोंधळात महाराज आपल्या हिरव्या गाडीकडे सरकत होते. दोन्या सेव्हेराने झारा आडवा धरला. मी हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवली. पिशवीतून बोटांना बारीकसारीक खरखरही कळते, आमच्या धंद्यातली जुनी युक्ती. त्याच्या बॉनेटवर हात फिरवला. किसणी!

"महाराज, तुमच्याच गाडीवर एवढा मत्सर? गुहेतली माती संपली का?"

गर्दी जी हसत सुटली, ती त्याने निळ्या गाडीवाल्यासकट सगळ्यांचे पैसे परत करेपर्यंत थांबली नाही. गाडी सुरू करून तो गेला तेव्हा त्याचंही एक चाक किंचाळत होतं. मी ओरडून सांगितलं, "ब्रेक बघून घ्या!" त्याने काच वर केली.

मेकॅनिक धावत आला, दोन्ही बाजूंचे पॅड बदलले, नवी डिस्क मिळेपर्यंत सावकाश चालवायची तंबी दिली. तोवर लोक माझ्याभोवती जमले. कुठली वडी घ्यायची, मऊ की कडक? मी सांगून टाकलं: आधी मऊ घ्या, तिने भागलं नाही तरच पुढची. गाडी आधी स्वच्छ धुवा, साबणपाण्याशिवाय घासू नका, शेवटी मेण लावा, नाहीतर रंग उघडा पडतो. माझं गिऱ्हाईक तुटलं तर तुटलं.

आणि आणखी एक सांगते. कुमारी मातेपुढे मीही मेणबत्ती लावते, आणि यापुढेही लावीन. पण तिने आपल्याला हात दिलेत ते चाचपून बघायला, आणि डोकं दिलंय ते विचारायला: काळं निघालं, ते कशाचं? तिथूनच का? जो माणूस सात दिवस काही तपासू नका म्हणतो, त्याला सात मिनिटंसुद्धा देऊ नका. प्रश्न विचारणारीला जो मत्सरी ठरवतो, त्याला तर आणखी दोन प्रश्न विचारा. गाडी आशीर्वादाने सुंदर दिसते, पण थांबते ती ब्रेकने.

दुपारी सबिनो निघाला. मी वर्कशॉपमध्ये एका चेपलेल्या दारावर हातोडी चालवत होते, पण कान फोनकडे होते. दीड तासाने तो वाजला. पलीकडे वारा, लाटा आणि तराफेवाल्यांचा आरडाओरडा.

"कोमाद्रे," सबिनो म्हणाला, "थांबली."