राऊटर बदलायची गरज नाही

दुपारी तीन ते पाच आमच्या ग्रीसमधल्या खिओस बेटावर कुणी कुणाला फोन करत नाही. त्यामुळे साडेतीनला माझा फोन वाजला तेव्हा मी आधी चिडलोच.

"पांतेलीसकाका, इसिदोरोस बोलतोय. आत्ता बंदराला लागलो. आईवर लक्ष ठेवायला लावलेला कॅमेरा इथून फोनवर उघडतच नाही. ती फोनही उचलत नाहीये."

इसिदोरोस म्हणजे वरच्या मजल्यावरच्या मार्केलामावशीचा मुलगा, मालवाहू जहाजावर इंजिनिअर, महिनोन्महिने परदेशात.

"अरे, दुपारी मोबाइल बंद करून झोपते तुझी आई. विसरलास?"

"चालू आहे, काका. नुसता वाजतोय."

मी अंथरुणातून उठलो.

गेल्या आठवड्यात इंटरनेट कंपनीचं पत्र आलं होतं. यापुढे जुन्या पद्धतीचा एकच इंटरनेट-पत्ता अनेक घरांत वाटला जाईल. घरातलं कॅमेऱ्यासारखं यंत्र बाहेरून उघडायचं असेल, तर नव्या पद्धतीचा पत्ता, म्हणजे नवा आयपी, चालणारा राऊटर घ्या. मावशीने ते माझ्यापुढे धरलं. मी तीस वर्षं जहाजावर रेडिओ सांभाळलेला माणूस, गल्ली मलाच विचारते. मी तिचा इंटरनेटवरचा टीव्ही लावला, मालिका झकास चालली. "कंपन्यांना राऊटर खपवायचे असतात. काही गरज नाही," असं ऐटीत सांगून, तिने दिलेला संत्र्याचा मुरंबा खाऊन मी खाली आलो. कॅमेरा बाहेरून उघडून बघायचं डोक्यातच आलं नाही.

फोन कानाला तसाच धरून जिना चढलो. दार वाजवलं. आतून काही नाही.

"काका, बोला ना काहीतरी!"

याच्या आईला मी मारलं, एवढंच डोक्यात घुमत होतं. तिने माझ्याकडे ठेवलेल्या किल्लीने मी दार उघडलं.

मावशी स्वयंपाकघरात पडली होती. पाय भलताच वळलेला, ओठ पांढरेफटक. फडताळावरच्या कॅमेऱ्याचा हिरवा दिवा चालू होता. त्याच्याकडे बघत ती एक हात हलवत होती. दुसऱ्या हाताने तिने झगा गुडघ्याखाली ओढून धरला होता.

"जिवंत आहे!" मी फोनमध्ये ओरडलो.

"हळू. लोक झोपलेत," ती पुटपुटली.

पलंगाजवळ राहिलेल्या तिच्या मोबाइलवरून मी अँब्युलन्स बोलावली आणि तिच्याजवळ जमिनीवर बसलो.

"कधी पडलीस, मावशी?"

"सकाळी. कॉफी ठेवताना."

"मग हाक नाही मारायची?"

"सकाळी तू कॅफेत. मग दुपार झाली. आणि इसिदोरोस बघतोय की. पाठवेल कुणाला तरी, म्हटलं." तिने पुन्हा कॅमेऱ्याकडे पाहून हात हलवला. "इतका वेळ का लावला रे त्याने? रागावलाय का माझ्यावर?"

मी फोन तिच्या कानाशी धरला. पलीकडे तो नुसता रडत होता. आता गप्प बसणं मला जमेना.

"त्याला दिसतच नव्हतं, मावशी. मी राऊटर बदलू दिला नाही ना, म्हणून."

तिचा हात खाली आला.

"म्हणजे सकाळपासून मी एकटीच होते?"