घरासमोरची लाट

नाक चुरचुरलं तेव्हाच हाउनानीला कळलं. पहाटे पाचला ती अंथरुणात उठून बसली, लागोपाठ तीन शिंका दिल्या आणि गालातल्या गालात हसली. मोठ्या बेटावरच्या ज्वालामुखीचा धूर इथपर्यंत यायचा, तर वारा उलटा फिरावा लागतो. तो वर्षातून चार-सहा वेळा फिरतो, आणि फिरला की ही शिंकतेच. तरी खात्री करून घ्यायला ती ओसरीवर आली. दोरीवरचे टॉवेल एरवी वर्षभर डोंगराकडे फडफडतात, आज समुद्राकडे फडफडत होते. उत्तरेकडून आलेल्या मोठ्या लाटा दोन दिवस खडकांवर आदळतच होत्या. भरती साडेआठची. म्हणजे तिन्ही गोष्टी एकाच सकाळी! पन्नास वर्षांत पहिल्यांदा!

तिला नाचावंसं वाटलं. ओरडावंसं वाटलं. पण तिने तोंडावर हात दाबून धरला.

कारण बोलायचं नव्हतं. बाबा मासेमारी करायचे, आणि मासे मारायला निघालेला माणूस इथे कधी ‘मासे मारायला चाललो’ म्हणत नाही. माशांना ऐकू जातं. कुणी विचारलंच तर म्हणायचं, ‘जरा फिरून येतो.’ बाबांनी हाच नियम घरासमोरच्या लाटेलाही लावला होता. ती यायची कधीमधी, वारा, लाटा आणि भरती एकदम जुळले तरच, पण आली की अशी गुळगुळीत आणि लांब, की दुसरीकडे तोड नाही. तिचं नाव काढायचं नाही, बस्स.

आणि अकरा वर्षांच्या हाउनानीने काढलं होतं. बाबा लाटेवर स्वार व्हायच्या फळीला मेण चोळत बसले होते, आणि ही टिकलीएवढी पोर रस्ताभर बोंबलत सुटली, ‘आमची लाट आली! आमची लाट आली!’ बाबा पाण्यात पाय घालतात न घालतात तोच वारा पडला, मग फिरला, आणि लाटेचा चिखल झाला. बाबा हसले, तिच्या डोक्यावर टपली मारली. पण त्यानंतर ते वीस वर्षं जगले आणि तशी लाट त्यांना पुन्हा मिळाली नाही. हाउनानी ते कधी विसरली नाही.

तिचा थोरला भाऊ कावीका तेव्हा मामाकडे पलीकडच्या किनाऱ्यावर शिकायला होता. त्याने ती लाट पाहिलीच नाही. त्यामुळे उभा जन्म त्याने तिला चिडवण्यात घालवला. ‘काय गं, आली का तुझी ती? पत्र वगैरे?’ असं दर वेळी, थट्टेखोरासारखं. आणि तोच कावीका आता चौसष्टाव्या वर्षी बायकोच्या मागोमाग लास व्हेगासला निघाला होता. इथल्या घरभाड्याने अर्धं गाव तिकडे वाळवंटात गेलंय, हा कुठला मागे राहायला! विमान उद्या सकाळचं. आज शेवटचा दिवस, शेवटची लाट. आणि ती धरायला तो आणि त्याचा मुलगा गाडीने मकाहाला, म्हणजे बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला जाणार होते.

हाउनानीने विचार केला. सांगायचं नाही, आणि जाऊही द्यायचं नाही. तिने खिळ्यावरची गाडीची किल्ली काढली आणि तांदळाच्या डब्यात खोल खुपसली.

सहा वाजता कावीकाचा मुलगा नाइनोआ मोबाइल नाचवत स्वयंपाकघरात आला. अठ्ठावीस वर्षांचा बाप्या, पण मोबाइलला विचारल्याशिवाय पाण्यात बोट घालत नाही.

“बाबा, चला चला! दहापर्यंत मकाहा मस्त आहे, मग वारा बिघडणार म्हणतायत. आत्या, येतेस ना?”

“बस आधी. पोई खा,” हाउनानी म्हणाली आणि वाडग्यातली पोई, अळकुड्यांची ती जांभळी लापशी, बोटांनी घोळायला लागली.

“किल्ली कुठाय?” कावीका बाहेरून ओरडला.

“असेल तिथेच.”

“तिथे नाहीये!”

मग जी शोधाशोध सुरू झाली, ती काही विचारू नका. नाइनोआ गाडीखाली आडवा झाला. कावीकाने बांधून ठेवलेल्या दोन्ही बॅगा उपसल्या, चपला झटकल्या, फ्रिजसुद्धा उघडून पाहिला. हाउनानी पोई घोळतेय ती घोळतेच आहे. सहाचे सात झाले. खिडकीबाहेर पाण्यावरची सुरकुती हळूहळू नाहीशी होत होती.

कावीका दारात येऊन उभा राहिला. बहिणीला तो ओळखून होता.

“हाउ, किल्ली दे.”

“मला काय माहीत?”

“माझा शेवटचा दिवस आहे गं! पुन्हा कधी येईन, येईन की नाही, देव जाणे. आणि तुला आज खोड्या सुचतायत?”

हाउनानीला भडभडून आलं. ती म्हणाली, “दादा, नको ना जाऊस मकाहाला. इथेच राहा. आपण... आपण जरा फिरून येऊ.”

“फिरून? कुठे फिरून? कोंबड्या बघायला?” आणि मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला, पण अर्धाच. “थांब थांब! म्हणजे अजून तेच? तुझी ती घरासमोरची ला—”

फटकन त्याच्या तोंडावर हात बसला. पोईने बरबटलेला, मनगटापर्यंत. कावीकाच्या मिशा, नाक, हनुवटी सगळं जांभळं झालं. नाइनोआ दारातच खुळ्यासारखा उभा राहिला.

हाउनानी हात काढेना. फक्त डोळ्यांनी तिने टॉवेलांकडे खूण केली.

कावीकाने टॉवेलांकडे पाहिलं. ते समुद्राकडे फडफडत होते. त्याने खिडकीबाहेर पाहिलं. खडकांच्या पलीकडे एक रेघ उठली, उभी राहिली, आणि उजवीकडून डावीकडे निवांत उलगडत गेली. मागोमाग दुसरी. साठ वर्षं त्या खिडकीतून पाहणाऱ्या माणसाने ते पहिल्यांदा पाहिलं.

हाउनानीने हात काढला. कावीकाने ओठांवरची पोई चाटली, गिळली. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, “नाइनोआ, मी जरा... फिरून येतो.”

“अहो पण बाबा, मोबाइलवर तर—”

“गप! तूही फिरायला ये.”

घराखालून बाबांची दहा फुटी लाकडी फळी बाहेर निघाली. कावीकाने ती खांद्यावर घेतली, मागे हाउनानी तिची फळी घेऊन, तिच्यामागे नाइनोआ. कुंपणापाशी शेजारचा सिल्वा झाडांना पाणी घालत होता. साऱ्या गावाची खबर ठेवणारा माणूस.

“काय मंडळी, कुठे?”

“फिरायला!” तिघं एका सुरात म्हणाले आणि पळत सुटले.

पाणी कोमट होतं आणि हवेत धुराचा वास होता. हाउनानीने खडकांमधली वाट दाखवली, बाबांनी शिकवलेली, पांढऱ्या खडकाच्या डावीकडून. बाहेर जाऊन तिघं बसले. नाइनोआने एकदा तोंड उघडलं, तर दोघांनी एकदम बोट ओठांवर ठेवलं.

पहिली मोठी आली. हाउनानी म्हणाली, “जा दादा.”

कावीका दोनदा पाण्यात हात मारून उठला, गुडघे कुरकुरले असतील, पण उठला. आणि ती फळी, बाबा गेल्यापासून तीस वर्षं घराखाली कोळी-मुंग्यांबरोबर पडलेली ती फळी, अशी चालली म्हणता! वारा समोरून येऊन लाटेला तोलून धरत होता. कावीका हात पसरून उभा, पोट पुढे, मिशीला अजून थोडी पोई. थेट घराच्या पायऱ्यांपर्यंत गेला. परत आला तेव्हा त्याला श्वास घेता येत नव्हता, तरी हसत होता. दुसरी लाट हाउनानीने घेतली. एकसष्ट वर्षांची बाई, उभी राहून, केस सोडून. नंतर भाऊ-बहीण एकाच लाटेवर शेजारी शेजारी. नाइनोआच्या किती झाल्या याचा हिशोबच नाही.

आणि मग ती आली. त्या सकाळची सगळ्यात मोठी. कावीका तिच्यावर चढला, मध्यावर पोचला आणि त्याला ते सहनच झालं नाही. त्याने दोन्ही हात वर केले आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, “आमची लाट! अरे बघा रे, आमची लाट आली!”

हाउनानीने वळून टॉवेलांकडे पाहिलं.

तो खाली बसतो न बसतो तोच वारा पडला. टॉवेल लोंबायला लागले. मग समुद्राकडून पहिली झुळूक आली, पाणी सुरकुतलं, आणि पाच मिनिटांत सगळा चिखल झाला. अगदी तेव्हासारखा.

कावीका वल्हवत तिच्यापाशी आला. चेहरा पार उतरलेला, चोरी पकडल्यासारखा. “हाउ, माझ्या तोंडून निघूनच गेलं गं.”

तिने तोंडावरचे ओले केस मागे सारले.

“बाबांच्या वेळी तू अकरा वर्षांची होतीस,” तो म्हणाला. “मी चौसष्टचा आहे आणि मला आवरलं नाही. कुणाला आवरलं असतं?”

हाउनानीला आधी रडू आलं. मग त्याच्या मिशीतल्या पोईकडे पाहून हसू फुटलं, इतकं की फळीवरून ती पाण्यात पडली. पन्नास वर्षांचं ओझं त्या कोमट पाण्यात कुठे गेलं, तिला कळलंही नाही.

काठावर सिल्वा धापा टाकत उभा होता, काखेत फळी. “कुठाय? कुठाय लाट?”

“कसली लाट?” हाउनानी म्हणाली. “आम्ही फिरायला आलो होतो.”

घरी येऊन तिने तांदळाच्या डब्यातून किल्ली काढून दिली, तेव्हा कावीकाने ती घेतली नाही. तिचा हातच धरून ठेवला.

“पुढच्या वेळी फोन करशील?”

“करीन की. पण सांगू काय? सांगता तर येत नाही.”

“फक्त म्हण, दादा, मी फिरायला चाललेय,” कावीका म्हणाला. “मी तिकीट काढतो.”