माझ्या पोटात झेंडा जळला त्या दिवशी

मित्रांनो, माझा जन्मच मारझोडीतून झाला आणि मला त्याचा भारी अभिमान आहे! मी एक जुनी, काळीकुट्ट, मांस भाजायची भट्टी आहे. त्याआधी मी तेलाचं पिंप होते. अमेरिकेत, मिसुरी राज्यातल्या आमच्या गावात हार्लन नावाचा वेल्डर होता. त्याने मला आडवं पाडलं, ज्योतीने माझं पोट चिरलं, घण घालून घालून कडा वळवल्या आणि चार लोखंडी पाय चिकटवले. मी किंचाळले, ठिणग्या उडाल्या. शेवटी हार्लनने माझ्या झाकणावर थाप मारली.

"व्हर्ना, बघ! ही आपल्या दोघांपेक्षा जास्त जगणार."

"तुझ्यापेक्षा जगली तरी पुरे," त्याची बायको म्हणाली.

चार जुलै हा देशाचा वाढदिवस, पण खरं सांगू? आमच्या अंगणात तो माझाच दिवस असायचा. सकाळपासून पोटात लाकडं धगधगायची. जाळीवर डुकराच्या बरगड्या तडतडायच्या. चरबी निखाऱ्यांवर पडली की मी भडकून उठायचे आणि हार्लन ओरडायचा, "शांत हो, बाई!" शेजारचा म्हातारा एलिस बोटं चाटत म्हणायचा, "राज्यपालाच्या घरीसुद्धा असलं मिळत नसेल." संध्याकाळी आकाशात शोभेची दारू फुटायची आणि माझं झाकण थरथरायचं.

जेवण झालं की राजकारण निघायचं. हार्लनची मुलं, रँडल आणि कोरीन, लहानपणी मक्याची कणसं फेकून भांडायची. मोठी झाल्यावर रँडल एका पक्षाचा झाला, कोरीन दुसऱ्याची. देशावर दोघांचंही प्रेम, पण दुसऱ्याचं प्रेम दोघांनाही खोटं वाटायचं. निवडणुकीच्या वर्षी रँडलने तिचं ताट उडवलं. तिने त्याच्या ट्रकची काच फोडली. त्यानंतर ती घरी आलीच नाही.

हार्लन आजारी पडला आणि मलाही कुणी विचारेना. गंज चढला. पोटात गांधीलमाश्यांनी घर केलं. मग वसंतात हार्लन गेला. व्हर्नाने दोन्ही मुलांना फोन करून एकच गोष्ट सांगितली.

"या चार जुलैला दोघांनी एका टेबलावर जेवायचं. जमलं नाही तर मी घर विकते आणि बहिणीकडे जाते. मग भांडायला अंगणही उरणार नाही तुम्हाला."

कोरीन सकाळीच आली. तिने गांधीलमाश्या धुराने हुसकावल्या आणि तारेच्या ब्रशने मला असं खरवडलं की माझी सालटी निघाली. किती बरं वाटलं म्हणून सांगू! एलिस कुंपणावरून ओरडला, "काय गं, मांस खातेस ना अजून? का शहरात गवत खायला लागलीस?"

"तुमच्या वाटणीचंसुद्धा खाईन, म्हातारबुवा!"

दुपारी व्हर्नाने ओसरीवरचा झेंडा उतरवून आणला. वाऱ्याने त्याच्या कडांच्या चिंध्या झाल्या होत्या. आमच्याकडे जीर्ण झेंडा कचऱ्यात टाकत नाहीत. तो मानाने आगीला देतात आणि नवा चढवतात. हा झेंडा माझ्याच आगीत द्यायचा, असं हार्लन जाण्याआधी कोरीनला फोनवर सांगून गेला होता. व्हर्ना नवा झेंडा आणायला आत गेली. कोरीनने बरगड्या एका बाजूला सारल्या, झेंडा निखाऱ्यांवर ठेवला आणि छातीवर हात ठेवून उभी राहिली.

नेमका तेव्हाच रँडलचा ट्रक अंगणात शिरला. तो मिरवणुकीतून येत होता. ट्रकवर त्याच्या उमेदवाराचा चादरीएवढा कापडी फलक फडफडत होता. त्याने पाहिलं ते एवढंच: बहीण, आग आणि झेंडा. ही रीत त्याला पाळण्यात असल्यापासून ठाऊक होती, मित्रांनो! तरी त्याला रीत दिसली नाही. त्याला विरोधी पक्ष दिसला.

"झेंडा जाळतेस? बाबांच्या अंगणात?"

तिने तोंड उघडायच्या आत त्याची मूठ त्यावर बसली. ओठ फाटला. रक्ताचे थेंब माझ्या कडेवर चर्र करून वाळले. कोरीन काही गप्प बसणारी नव्हती. तिने तापलेला चिमटा त्याच्या कपाळावर हाणला.

"ये ना! ये! अजून मार!"

त्याने तिला ढकललं. ती माझ्यावर आदळली आणि तिचा दंड माझ्या झाकणाला चिकटला. आजवर मी इतकं मांस भाजलं, पण तो आवाज... नको. मला माझीच किळस आली. माझा पाय मोडला, मी कलंडले आणि निखारे गवतावर सांडले. रँडलने पेटता झेंडा ओढून काढला, जमिनीवर आपटला आणि विझवण्यासाठी दोन्ही बुटांनी थाडथाड तुडवू लागला.

व्हर्ना दारात आली. तिने बागेचा पाइप उचलला आणि दोघांच्या तोंडावर पाण्याचा फवारा मारला.

"माणसं आहात का कुत्री? रँडल! कशावर उभा आहेस बघ."

त्याने खाली पाहिलं. झेंड्याच्या ताऱ्यांवर त्याच्या बुटाचा चिखल होता.

"तुझ्या बापानेच सांगितलं होतं तिला," व्हर्ना म्हणाली.

"मला वाटलं की..."

"तुला वाटलं!" कोरीन रक्त थुंकली. "विचारायला काय झालं होतं?"

तिच्या दंडावर फोड वर येत होते. एलिस गाडीची किल्ली घेऊन धावत आला. "पोरी, आधी दवाखाना!"

"आधी झेंडा," दोघं एकदमच म्हणाली.

अर्धवट जळलेला झेंडा तसा टाकायचा नसतो. रँडलने मला विटांवर टेकवलं आणि पुन्हा पेटवलं. ओलं कापड फुसफुसत राहिलं, धुरात दोघं खोकत राहिली, पण त्याची राख होईपर्यंत कुणी हललं नाही. मग एलिस कोरीनला दवाखान्यात घेऊन गेला. टेबल मांडलंच गेलं नाही. बरगड्या एलिसच्या कुत्र्याने खाल्ल्या.

व्हर्नाने शब्द पाळला. अंगणात 'घर विकणे आहे' अशी पाटी लागली आणि तिच्या शेजारी मी हिवाळाभर बर्फात पडून राहिले. बर्फ वितळल्यावर एका रविवारी रँडल आला. त्याने माझा पाय स्वतः जोडला, अगदी वाकडा! मग तो आईपुढे उभा राहिला. "आणखी एक चार जुलै दे," म्हणाला.

तो दिवस आज आहे. पाटी अजून तिथेच आहे. कोरीन आलीय. तिच्या दंडावर माझ्या झाकणाचा डाग आहे, तो जाणार नाही. मित्रांनो, मला घासा, पुसा, पावसात टाकू नका, हे मी सांगेनच. पण त्याआधी एक मागते. माणूस आगीजवळ उभा दिसला, तर मूठ वळण्यापूर्वी त्याला विचारा. माझा मोडलेला पाय जोडता आला. तिचा दंड पुन्हा पहिल्यासारखा कुणालाच करता आला नाही.

थांबा, रँडल तिच्याजवळ जातोय. व्हर्ना दारातून बघतेय.

"काय करतेयस, कोरीन?"

"कणसांना लोणी लावतेय. दिसत नाही का?"

"दिसतंय. तरी विचारतोय."