पडद्याशेजारचा माणूस

कवडूचं पत्र येऊन सात महिने झाले होते, आणि चिनी सिनेमांचं वेड असलेल्या मधुसूदनरावांनी त्याला एका ओळीचंही उत्तर दिलं नव्हतं. सावनेरच्या कोळसा खाणीतून निवृत्त झालेल्या या मित्राने मागितलं तरी काय होतं? आमच्या वाचनालयात दाखवायला एक जुना चिनी सिनेमा सुचव. आणि खालच्या इंग्रजी ओळी इथे कुणाला वाचता येत नाहीत, म्हणून पडद्याशेजारी उभा राहून त्या मराठीत सांग.

मधुसूदनरावांची यादी अकरा पानांवर गेली. शांघायचे मूकपट घ्यावेत, तर हाँगकाँगचे तलवारवाले राहतात. ते घ्यावेत, तर तैवानचे ते संथ घरगुती सिनेमे सुटतात. रोज एक नाव खोडायचं, दोन वाढवायची.

शेवटी कवडूने त्यांच्या बायकोला, ताराबाईंनाच फोन लावला. "वहिनी, त्याले सांगा, शनिवारपर्यंत पत्र नाही आलं तं मी मारामारीचाच लावतो. लोकं तसेही म्हणून राहिले, चीनचा म्हणजे लाथाच!"

मधुसूदनराव कळवळले. "लाथाच? अगं, एवढा मोठा खजिना..."

"मग लिहा ना एक नाव!"

"दुसरं याहून चांगलं निघालं तर?"

"अहो, यादीचं नाटक पुरे. तुम्हाला चार लोकांपुढे उभं राहायची धास्ती आहे. लावा एखादा, आणि मला वाचून दाखवा."

त्यांनी गाण्यांचा एक जुना सिनेमा लावला. नायकाचं काम बाईनेच केलेलं. ते खालच्या ओळी मराठीत पुटपुटू लागले.

"मोठ्यानं! भाजी चिरू की कान लावून बसू?"

ते चिडले. त्या चिडक्या आवाजात नायक-नायिकेचं भांडण असं काही उतरलं, की ताराबाईंची विळी थांबली.

"नायक बाई आहे? आमच्याकडे खडी गंमतीच्या खेळात पुरुष लुगडी नेसायचे, हे उलटंच! सावनेरला आवडेल बघा."

"आवाज लागला का बरा?"

"चिडलात की लागतो."

"दोन तास चिडून राहू?"

"मी बसते ना पहिल्या रांगेत."

त्यांनी सिनेमाचं नाव लिहिलं. खाली 'जमलं तर येतो' लिहिलं, मग 'जमलं तर' खोडलं. त्यांनी पाकिटात हळूच सरकवलेली यादीची अकरा पानं ताराबाईंनी बाहेर काढली. पोस्टाच्या खिडकीवर मधुसूदनरावांनी दोनदा विचारलं, "शनिवारच्या आत पोचेल ना?" तिसऱ्यांदा तोंड उघडण्याआधीच कारकुनाने पाकिटावर शिक्का मारला होता.