करदोड्याखालची कातडी

मी करदोडा बोलतोय. हसू नका. पुरुषाच्या कमरेला जन्मभर चिकटून राहायचं आणि कुणाला दिसायचंही नाही, असलं माझं जिणं. पण धोतराखाली मी जे पाहिलं, ते माझ्यावाचून कोण सांगणार?

संगमनेरच्या बाजारात एका पटवेकऱ्याने काळ्या सुताचे सात पदर एकत्र वळून मला घडवलं. बेचाळीसच्या दिवाळीत गोरक्षने मला कमरेला बांधलं आणि मगच जुना करदोडा सोडला. रीतच तशी. बिनकरदोड्याची कंबर फक्त मढ्याची. पुढे लढाईमुळे बाजारात सूत मिळेना, आणि माझा पीळ मोठा चिवट. ‘अजून धड हाय’ म्हणत त्याने मला तसंच राहू दिलं.

गोरक्ष प्रवराकाठचा शेतकरी. दिवसभर मोट हाकायचा. धोतर सुटू नये म्हणून माझ्यावरून असं आवळून नेसायचा, की मी कातडीत रुतून बसायचो. घाम, माती, पाणी, सगळं माझ्याखाली मुरायचं. आधी तिथली कातडी काळी पडली, मग जाड आणि खरखरीत झाली. मग त्यात एक पांढरट डाग उठला. दुखत काही नव्हतं, म्हणून त्याने कधी खाली बघितलंच नाही.

गंमत बघा, हाच गडी रोज सांजच्याला बैलांच्या मानेवरून हात फिरवायचा. बैलाचा खांदा आला, मान जुवाने सुजली, की आठ दिवस जू बंद, वर हळद-तेल. त्याच हाताने स्वतःची कंबर मात्र एकदाही चाचपली नाही.

पंचेचाळीसच्या उन्हाळ्यात डागाच्या जागी चीर पडली. ती भरेना. कडा उचलून टणक झाल्या, जरा घासलं की रक्त येई. धोतर धुताना बायकोला, गोजरबाईला, ते दिसलं.

“अवं, हे रगत कशाचं?”

“करदोडा काचलाय. व्हईल बरं.”

घ्या! सगळं खापर माझ्यावर. आणि मला बोलता येत नव्हतं.

दोन महिने वाट पाहून गोजरबाई हन्नाला घेऊन आली. हन्ना मिशनच्या दवाखान्यात नर्स, पण पोर याच गावची, ख्रिस्ती मास्तरांची. बाईमाणसाला कंबर कशी दाखवायची म्हणून गोरक्ष अडून बसला. शेवटी बायको रागावली तेव्हा त्याने धोतर चार बोटं खाली केलं. हन्नाने वाकून पाहिलं, बोटाने कडा दाबली आणि तिचा चेहरा उतरला.

“मामा, हे काचल्याचं न्हाई. काचलेलं पंधरा दिसांत भरून येतं. मला कातडीच्या कॅन्सरची भीती वाटती. खरं काय ते डॉक्टर सांगतील. अजून लहान हाय, कापून काढता येईल. करदोडा सोडा आन् उद्याच चला.”

गोरक्षचा हात माझ्यावर आला. “करदोडा मेल्यावर तुटतो, पोरी. जित्या माणसाचा सोडत न्हाईत.”

“बैलाचा खांदा आला तर जू उतरवता,” गोजरबाई म्हणाली. “तुमची कंबर काय बैलापरीस हलकी हाय?”

तो उठून मोटेवर गेला. जाताना म्हणाला, सुगी झाल्यावर बघू. माझा जीव तुटत होता, पण मी काही तुटत नव्हतो. त्या पटवेकऱ्याने चार पदर कमी घातले असते तर मी तेव्हाच गळून पडलो असतो!

सुगी झाली, दुसरीही आली. जांघेत गाठ उठली. लोक म्हणाले, अवधाण आलंय, जखम असली की येतंच. जखमेला वास सुटला तेव्हा तो बैलगाडीतून दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी गाठ चाचपली आणि मान हलवली. रोग जांघेपर्यंत पसरला होता, आता कापून उपयोग नव्हता. परतताना गाडीत तो एवढंच बोलला, “गोजरे, तुझं ऐकाया पायजे हुतं.”

सत्तेचाळीसच्या माघात तो गेला. दारात शेवटची आंघोळ घालताना मला विळ्याने कापलं. मी जखमेत रुतलो होतो, ओढून काढावं लागलं. मग कुणीतरी मला परसातल्या काटेरी कुपाटीवर भिरकावलं.

तेराव्यानंतर हन्ना भेटायला आली. गोजरबाईने तिला परसात नेलं आणि लुगडं थोडं सैल केलं. “आज न्हाताना हाताला लागलं. माझ्याबी कमरंला चट्टा हाय. बघ बाई.”

हन्नाने उजेडात नीट पाहिलं, दाबून पाहिलं. “नुसता काळा पडलाय, मामी. चीर न्हाई, गाठ न्हाई. लुगडं सैल नेसा, दर महिन्याला बघत जा. काही बदललं तर सुगीची वाट बघू नका.”

गोजरबाई तेव्हा कुठे रडली. इतके दिवस तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

मी अजून इथेच काट्यांत अडकलोय. चिमण्या घरट्यासाठी एकेक धागा नेतात. तुमच्या कमरेलाही माझा कुणी भाऊबंद असेल. आंघोळीच्या वेळी त्याला बोटभर सरकवा आणि खाली बघा. जखम महिन्याभरात भरली नाही, कड टणक झाली, एखादा डाग वाढू लागला, तर दुखत नसलं तरी दाखवा. डॉक्टर करदोडा सोडा म्हणाले तर सोडा. मी सुताचा दोरा. मला सोडायला गोरक्षला मरावं लागलं, तुम्ही जित्यापणी सोडा.